वाढ्याची पेंढी

केडगावात पुणे रस्त्याला लागताना उसाच्या हिरव्या वाढ्यांनी भरलेला एक छोटा टेम्पो माझ्या स्कूटीला खेटून पुढे गेला आणि माझ्या उजव्या मनगटावर बोटभर ओरखडा उठला. अपघात वगैरे काही नाही. टेम्पोवाल्याला पत्ताही नसेल. फळीबाहेर लोंबणाऱ्या हिरव्या पात्यांपैकी एक मला चाटून गेलं, एवढंच. रक्त म्हणावं असं रक्तही आलं नाही. पण मी गाडी कडेला घेतली, हेल्मेटची काच वर केली आणि मनगट तोंडाला लावलं. थुंकी लावायला. हे मी ठरवून केलं नाही. एकतीस वर्षांची नोकरदार बाई, पाठीवर लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्र, आणि सकाळी साडेनऊला भर रस्त्यात मनगट चोखत उभी. टपरीवरचे दोघे बघायला लागले तेव्हा मी मोबाईल काढून काहीतरी वाचल्यासारखं केलं. उसाच्या पात्याला बारीक करवत असते. ओरखडा आधी दिसत नाही, मग लाल होतो, मग घाम लागेल तसा दिवसभर चुरचुरतो, आणि थुंकी लावली की घटकाभर दम खातो. ही माहिती माझ्या बायोडाटात नाही. ती चोवीस वर्षं माझ्या अंगात गप्प पडून होती आणि नेमकी आज उठून बसली.

आज सहा वाजेपर्यंत मला अहवाल पाठवायचा होता. मी दाखले देणाऱ्या एका संस्थेत तपासनीस आहे. सावेडीत आमच्या दोन खोल्या, मुख्य कचेरी पुण्यात. नेवाशाच्या बाजूला एक नवा कारखाना उभा राहिलाय, तिथे उसाच्या पाचटापासून मिथेनॉल करतात. ते टँकरने बंदरावर जाणार आणि मालवाहू जहाजाच्या टाकीत पडणार. ज्या जिल्ह्यात प्यायचं पाणी टँकरने येतं तिथून जहाजाचं इंधन टँकरने जाणार, यावर ऑफिसात बरेच विनोद झाले, मीही केले. पण जहाज कंपनीची एक अट आहे आणि ती विनोदाची नाही. इंधन ज्यापासून बनलं ते खरोखर टाकाऊ असलं पाहिजे. कुणाच्या ताटातलं, कुणाच्या गोठ्यातलं ओढून आणलेलं असेल तर ते इंधन स्वच्छ धरत नाहीत. तसं ओढून आणलेलं नाही, असं कुणीतरी लिहून द्यायचं, आणि तो कुणीतरी म्हणजे मी. अहवालात एक रकाना आहे: या पदार्थाचा सध्या इतर कोणी, इतर कशासाठी उपयोग करतो का? दोन महिन्यांपूर्वी मी त्यात लिहिलं होतं, नाही. पुरावा म्हणून बावीस ऊसतोड मजुरांच्या जबान्या जोडल्या होत्या. बावीसच्या बावीस जण म्हणाले होते, आम्ही काही घेत नाही. आज मसुदा शेवटचा वाचून पाठवायचा, एवढंच काम उरलं होतं. एक बटण दाबायचं.

हे काम मला मनापासून पटलेलं आहे, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं फार सोपं वाटेल. दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला आम्हाला न्हावा-शेवाला नेलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी जहाजात पाय ठेवला. इंजिनाच्या खोलीत एका इंजिनियरने स्टीलच्या पेल्यात थंड झालेलं इंधन दाखवलं. काळं, डांबराच्या जातीचं. त्याने पेला उलटा धरला तरी एक थेंब पडला नाही. तापवल्याशिवाय हे वाहतच नाही, तो म्हणाला, आणि एक मोठं जहाज असलं शंभर-दीडशे टन एका दिवसात जाळतं. बाहेर आलो तर धुराड्यातून पिवळट काळा धूर निघून खाडीवर पसरत होता आणि खाली कोळीणी जाळी नीट करत बसल्या होत्या, त्यांनी मान वरही केली नाही. तो वास माझ्या ओढणीतून दोन धुण्यांतही गेला नाही. त्या दिवसापासून दुकानातली परदेशी वस्तू हातात घेतली की मला तो उलटा पेला दिसतो. इकडे आमच्याकडे दर हिवाळ्यात शेतकरी पाचट पेटवून देतात. संध्याकाळी नेवाशाकडून येताना दोन्ही बाजूंनी रानं जळत असतात, डोळे चुरचुरतात, रस्ता दिसत नाही. ते पाचट जाळायचं सोडून त्याचं इंधन करावं आणि तो पेला सुटावा, यापेक्षा चांगली गोष्ट मला नोकरीत कुणी सांगितलेली नाही. मी नुसती पगारासाठी करत नव्हते. मला अभिमान होता.

पण पाचट वेगळं आणि वाढे वेगळे. पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला. वाढे म्हणजे तोडताना वरून छाटलेला हिरवा शेंडा, जो जनावरं जीव टाकून खातात. अहवालाचा नमुना ज्याने कुठल्यातरी थंड देशात बसून तयार केला त्याला हा फरक माहीत नव्हता, त्याने दोन्ही मिळून एकच शब्द लिहिला, उसाचे अवशेष. माझ्या पुण्याच्या सरांना माहीत नव्हता, ते रत्नागिरीचे. कारखान्याला माहीत होता, पण वाढे धरल्याशिवाय जहाज कंपनीला हवा तेवढा माल भरत नव्हता. म्हणून या हंगामापासून मुकादमांना सांगितलं होतं, वाढ्यांना हात लावायचा नाही, चार दिवस रानात वाळू द्यायचे, मग गठ्ठे बांधणारं यंत्र येऊन सगळं एकत्र उचलेल. आणि मला माहीत होता. आमच्या सगळ्या ऑफिसात एकट्या मला. मी ऑफिसात 'नगरची' आहे. माझ्या गावाचं, तिसगावचं, नाव घेत नाही. तिसगाव म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, घरचे काय करायचे, आणि त्याचं उत्तर ऊसतोडीचा कोयता आहे. तपासनिसाचा या विषयाशी काही वैयक्तिक संबंध आहे का, असाही रकाना अहवालात पहिल्याच पानावर आहे. तिथेही मी लिहिलं होतं, नाही.

ऑफिसात पोचले, पंखा लावला, मसुदा उघडला. ओरखडा चुरचुरत होता. टाईप करताना मनगट टेबलाच्या कडेला घासायचं आणि मी हात उचलायची. जबानी क्रमांक चौदा, सुरेखा, वय अंदाजे तीस. तो दिवस मला नको तितका आठवत होता. कालव्याच्या कडेला मजुरांनी पाचटाच्या झोपड्या, कोप्या टाकलेल्या, मधल्या मोकळ्या जागेत मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर फाईल. शेजारी कारखान्याचा सुपरवायझर हाताची घडी घालून. बायका एकेक करून पुढे येत होत्या. सुरेखा आली ती पदर डोक्यावर ओढून, पाय जुळवून, खाली बघत बसली. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते, जुने पांढरे, नवे लाल. मी छापील प्रश्न वाचला. फडातून तुम्ही काय काय नेता? ती पटकन म्हणाली, "आमी काय घेत न्हाई, म्याडम. कायबी घेत न्हाई." मी लिहिलं. तिने अंगठा दिला. अंगठा देताना तिने मान वळवून एकदाच मागे पाहिलं, मीही पाहिलं, आणि कोपीच्या मागे बांधलेला बैल वाढे खात होता. चांगला, निवांत, तोंडातून हिरवी पाती लोंबत. आम्ही दोघींनी पाहिलं आणि दोघी काही बोललो नाही. नंतर ऑफिसात फोटो जोडताना कोप्यांच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात तो बैल आला होता. मी फोटो कडेने कापला. फोटो नीट चौकोनी दिसावा म्हणून कापला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं आणि ते मला खरंही वाटलं होतं, हे आता आठवलं की मला माझी किळस येते.

बारा वाजता पुण्याहून सरांचा फोन आला, झालं का. म्हटलं, होतंय. अडीच वाजता आप्पासाहेबांचा. आप्पासाहेब कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांना वाईट माणूस ठरवता आलं असतं तर माझा दिवस सोपा गेला असता, पण ते तसे नाहीत. साठीचे, मऊ बोलणारे, आपल्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून समोरच्यापुढे सरकवणारे. त्यांच्या नातीला दम्याचा त्रास आहे, पाचट पेटण्याच्या दिवसांत तिला महिनाभर मामाकडे डोंगरात नेऊन ठेवतात. त्यांनी सांगितलं की जहाज बंदरात लागलंय, पहिला टँकर भरून उभा आहे, दाखला आला की चाक हलेल. मी म्हटलं, वाढ्यांबद्दल थोडं बघायचंय. ते अगदी समजुतीने म्हणाले, "ताई, बावीस जणांनी सांगितलंय, सुपरवायझर हजर होता, तुम्ही स्वतः लिहून घेतलंय. मग आता तुम्हाला त्या लोकांपेक्षा जास्त काय माहिती आहे?" याला उत्तर होतं. मी म्हटलं, तसं काही नाही, सहाच्या आत पाठवते. फोन ठेवल्यावर बघितलं तर ओरखडा मी नखाने खाजवून लांबवला होता.

जास्त काय माहिती आहे? मला माहिती आहे की वाढे तोडणाऱ्याचे असतात. हे कुठल्या करारात नाही, कुठे लिहिलेलं नाही. ऊस शेतकऱ्याचा, मग कारखान्याचा, आणि वाढे कोयत्याचे. शेतकरी मानतो, मुकादम मानतो, कोवळ्या पोरालाही ठाऊक असतं. संध्याकाळी तोडणी संपली की बाया वाढ्यांच्या पेंढ्या बांधतात, दोन वाढे पिळून त्यांचाच दोर करून. एक पेंढी बैलांना, एक शेळीला, उरलेल्या रस्त्याच्या कडेला विकायला. पण मला आणखी एक गोष्ट माहिती आहे, जी पुण्यातल्या सरांना सात जन्मांत सुचणार नाही. पेंढीच्या पोटात ऊस लपवून नेतात असा संशय शेतकऱ्याला कायम असतो. म्हणून हातात कागद किंवा काठी असलेला कुणीही माणूस तोडणाऱ्या बाईला विचारेल की फडातून काय नेतेस, तर ती एकच उत्तर देणार. काही नाही. हक्काचं नेत असली तरी काही नाही. वाढे हा उपयोग आहे हे तिच्या डोक्यातही येणार नाही, तिला ऐकू येतो तो फक्त आरोप. मी तोच प्रश्न विचारला होता. त्याच जागी बसून, तसाच कागद धरून, बाजूला राखणदार उभा करून. आणि उत्तर काय येणार हे मला विचारायच्या आधी माहीत होतं. चूक झाली म्हणायला तोंड पाहिजे. मला ते उत्तर सोयीचं होतं.

सात वर्षांची होते मी. आई-बाबा, म्हणजे मनकर्णा आणि आसाराम पालवे, तेव्हा राहुरीच्या पट्ट्यात तोडीला होते. मी पेंढ्या बांधायला मदत करायची, म्हणजे लुडबुड करायची. एका संध्याकाळी बांधावर शेतकरी उभा होता, पांढरे कपडे, हातात बारीक छडी. त्याने एकेकीची पेंढी सोडायला लावली. आईची पेंढी तिने डोक्यावरून उतरवली, गाठ सोडली, वाढे पसरले, आणि मधोमध एक ऊस निघाला. हातभर लांबीचा. तो मी खुपसला होता. दुपारी अर्धा चावून, उरलेला रात्री खाऊ म्हणून. मी आईच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून उभी. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती वाकली, तो ऊस उचलला आणि सगळ्यांच्या देखत, त्या माणसाच्या डोळ्यांत बघत, त्याचा कचकन घास तोडला. "माझा हाय," म्हणाली. बाबा चोरट्यासारखे मान खाली घालून होते. तो शेतकरी इतका भडकला की छडी उगारून थांबला. चोरी ती चोरी आणि वर शिरजोरी, असं काय काय बोलला. त्या फडावर आमच्या अख्ख्या टोळीला वाढे बंद झाले. बायका आईशी बोलेनात. महिना झाला नाही तोच आमचा एक बैल बसला तो उठला नाही. मला आजवर कळलेलं नाही की आईला त्या क्षणी तो घास तोडायची अवदसा का आठवली. मुकाट्याने माफी मागितली असती तर एवढ्यावर आलं नसतं. हे मी तिला कधी विचारलं नाही, कारण विचारलं तर ऊस कुणाचा होता हेही निघालं असतं. त्यानंतर मी शिकले, मामाकडे राहिले, आश्रमशाळा, कॉलेज, नोकरी, केडगावात दोन खोल्यांचा फ्लॅट. बाबा गेले. आईला मी आणलं. आणि इतकी वर्षं कुणीही, गॅसवाल्यापासून जनगणनेवाल्यापर्यंत, कागद घेऊन दारात आला की आई पदर ओढून म्हणते, आमी काय घेत न्हाई.

साडेतीनला मी लॅपटॉप बंद केला आणि डोकं दुखतंय सांगून निघाले. घरी आई खाली बसून रद्दी बांधत होती. वर्तमानपत्रांचा गठ्ठा, आणि जुन्या ओढणीच्या दोन पट्ट्या पिळून त्यांचीच गाठ. तिची सगळी बांधाबांध तशीच असते, केरसुणी असो की मेथीची जुडी. मी चप्पल काढतच होते तर तिने माझा हात धरला, मनगट उजेडाकडे वळवलं. "वाढ्यानं कापलं व्हय?" म्हणाली. टेम्पो, रस्ता, काही विचारलं नाही. उठून खोबरेल आणलं आणि बोटाने चोळायला लागली, वरून खाली, पात्याच्या धारेच्या उलट दिशेने. तिची बोटं अजून खरखरीत आहेत. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी हात सोडवून घेतला.

मग मी बॅगेतून जबानीचा छापील अर्ज काढला, पेन काढलं, आणि तिच्यासमोर बसले. का ते नीट सांगता येणार नाही. कदाचित मला खात्री करायची होती. कदाचित मला वाटलं, ही तरी सरळ सांगेल. मी प्रश्न वाचला, तसाच, छापील. फडातून तुम्ही काय काय नेत होता? आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या आईने पदर डोक्यावर ओढला. पाय जुळवले. नजर फरशीवर लावली.

"आमी काय घेत न्हाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, मी आहे. निकी."

"म्हाईत हाय की. पर तुझ्या हातात कागद हाय."

मी कागद खाली ठेवला. मग उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवला, पेनसुद्धा, आणि येऊन तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. घड्याळात सव्वाचार. मग मी तिला सगळं सांगितलं, जहाजापासून. उलटा पेला, काळं तेल, खाडीवरचा धूर, जळणारी रानं, आप्पासाहेबांची नात. तिने नीट ऐकून घेतलं. जहाज केवढं असतं विचारलं, मी म्हटलं, आपल्या तिसगावचा आख्खा बाजारतळ बसेल. पाचट त्यांनी खुशाल न्यावं, ती म्हणाली, त्याचा काय उपेग, जाळत्यात त्ये तसंबी. मग मी सांगितलं की वाढेही नेतायत. ओढणीच्या पट्टीचं टोक पिळत राहिली. आणि मग आपणहून, खालच्या आवाजात, जणू भिंतीला ऐकू जाईल, सांगत गेली. दोन बैल आख्खा हंगाम वाढ्यावर निघायचे. शेळी वाढ्यावर, तिचं दूध चहाला, आणि मी दूधपिती असताना आईचं दूध आटलं तेव्हा मलाही शेळीचंच. मला ताप भरला तेव्हा डॉक्टरकडे न्यायला तिने सहा पेंढ्या रस्त्यावर उभं राहून विकल्या. कोपीवर टाकायला वाढे, अंथरायला वाढे. "त्यावर तर समदं हुतं, बाई," ती म्हणाली. "ऊस त्यांचा हुता. वाढं आमचं हुतं."

मी विचारलं, हे लिहू का. तिने पट्टीचं टोक पुन्हा पिळायला घेतलं, आणि मी घाबरले, कारण मला माहीत होतं ती नाही म्हणाली तर मी लिहिणार नाही, सहाला बटण दाबीन, आणि पुढच्या हंगामात कोपीमागे बैल नसेल. तिने विचारलं ते वेगळंच. त्या बायांचं काय होईल? त्यांनी तर न्हाई म्हणून अंगठे दिलेत, मग खोट्या पडतील की त्या. एवढा शिकलेला माझा मेंदू, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, प्रश्न चुकीचा होता असं लिहीन. विचारणारी चुकली असं लिहीन. ती म्हणाली, "तेवढ्यानं भागायचं न्हाई. कुनीतरी व्हय म्हनाया पायजे. माझं नाव घाल."

लॅपटॉप मांडीवर घेऊन मी तिच्याच शेजारी बसले. जबानी क्रमांक तेवीस. मनकर्णा आसाराम पालवे, वय अंदाजे साठ, पंचवीस हंगाम तोड. ती सांगत गेली, मी तिच्याच शब्दांत लिहीत गेले. खाली लिहिलं की आधीच्या बावीस उत्तरांची जबाबदारी तपासनिसाची, कारण प्रश्न आरोपासारखा विचारला गेला आणि कारखान्याचा माणूस शेजारी उभा होता. कापलेला फोटो काढला आणि मूळ फोटो लावला, बैलासकट. उपयोगाच्या रकान्यात पाचट आणि वाढे वेगळे केले. पाचट टाकाऊ, त्याचा दाखला द्यावा. वाढे टाकाऊ नाहीत, ते मजुरांच्या जनावरांचा चारा आहेत, ते रानातून उचलू नयेत. जहाजाला इंधन जाईल, वाढ्यांशिवाय जेवढं भरेल तेवढं, आणि कदाचित या खेपेला जाणारच नाही. आप्पासाहेबांचा टँकर रात्रीपर्यंत तसाच उभा राहील. माझी नोकरी राहील की नाही हे सरांवर. पावणेसहा वाजले.

"आन् त्यो ऊस बी लिव," आई म्हणाली.

मी बघितलं तिच्याकडे.

"राहुरीचा. एकच हुता. एवढा घेतला हुता म्हनावं. लपवून सांगितलं तर बाकीचं बी खोटं धरत्यात लोकं."

चोवीस वर्षं मी ज्या वाक्याला घाबरत होते ते मग माझ्या तोंडून अगदी सहज बाहेर पडलं. "आई, तो मी ठेवला होता."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. रद्दीची गाठ तिने जरा आवळली. "दात उमटलं हुतं त्याच्यावर. तुझं म्होरलं दोन दात नुकतंच पडल्यालं, मधी मोकळी जागा. त्यो मानूस ऊस हातात घिऊन उलटापालटा कराया लागला असता तर लगीच कळालं असतं त्याला, पोरीचं काम हाय. हातात छडी हुती त्याच्या. म्हनून म्या त्याच जाग्यावर चावले."

तिचा हात हातात घ्यावा असं वाटलं, पण ती उठून रद्दी दाराशी ठेवायला गेली, जणू दुधाचा भाव सांगितला असावा. मी पहिल्या पानावर गेले. तपासनिसाचा या विषयाशी काही वैयक्तिक संबंध आहे का? नाही खोडलं. आहे, लिहिलं. तपशील द्या, असं खाली होतं. मी तपशील दिला: एक ऊस, राहुरी. घेणारी निकिता, वय सात, पेंढी बांधण्याचं काम. शिक्षा आईने भोगली. मग बटण दाबलं. सहाला चार मिनिटं कमी होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. आप्पासाहेब. आईने दारातून विचारलं, कोन हाय. कारखान्याचे साहेब, मी म्हटलं. ती येऊन माझ्या शेजारी बसली, पाय लांब सोडून, पदर खांद्यावरच राहू देऊन. मी फोन उचलला, आणि ते काही बोलायच्या आत म्हटलं, "नमस्कार आप्पासाहेब, निकिता आसाराम पालवे बोलतेय, तिसगावची."